गोष्टीचा अधिकृत स्रोत

इमारतीतल्या मुलांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात असं रेकॉर्डकाकांच्या मनात आलं, तेव्हा त्यांना कोणीही अडवलं नाही. हा दोष शेजाऱ्यांचा. एरवी कोणी स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकायला घेतला तरी जिन्यातली चार दारं उघडतात आणि चारही दारांतून चार सल्ले बाहेर येतात. पण ज्या दिवशी सल्ल्याची खरी गरज होती, त्या दिवशी एकही कडी वाजली नाही.

रेकॉर्डकाका हे अर्थातच टोपणनाव. सरकारी कचेरीत जिथे जुने कागद जातात आणि बहुधा परत येत नाहीत, त्या अभिलेख विभागाचे ते प्रमुख होते. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद गहाळ झाला नव्हता. एकही रकाना रिकामा असलेला अर्ज त्यांनी स्वीकारला नव्हता. निवृत्तीला आठ महिने झाले होते आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांना अनुक्रमांक पडले होते. "मीठ काढायचं तर आधी नोंदवही चाळावी लागते," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. येणाऱ्याजाणाऱ्याला ते विनोदी वाटे. काकूंना वाटत नसे.

प्रकरण सुरू झालं ते दात घासण्यावरून. सात वर्षांची नात सकाळी न्हाणीघरात जायची, ब्रश नळाखाली ओला करायची आणि बाहेर येऊन "घासले" म्हणायची. एके दिवशी सुनेने तिला पकडलं. आता एक धपाटा बसणार, इतक्यात काका मध्ये पडले.

"रागावून काय होणार? पोरगी उद्या ब्रशबरोबर तोंडही ओलं करेल. मी बघतो."

आणि त्यांनी तिला मांडीवर घेऊन एक गोष्ट सांगितली. साळिंदर म्हणे पूर्वी सशासारखं मऊ होतं. पण त्याला खोटं बोलायची खोड. एक खोटं बोललं की अंगावर एक काटा उगवायचा. होता होता इतके काटे झाले, की थंडीत आईच्या कुशीत शिरायला गेलं तर आईच किंचाळून बाजूला झाली. गोष्ट काकांनी जागच्या जागी रचली होती. ती इतकी छान जमली, की सांगता सांगता त्यांनाच साळिंदराची दया आली.

नातीने थोडा विचार केला. "पण साळिंदराच्या आईलाही काटे असतात. मग ती पण खोटं बोलायची?"

"ती... तिचं प्रकरण वेगळं होतं. आधी दात घास."

दुसऱ्या दिवशी नातीने दोनदा दात घासले. इथे काका थांबले असते तर ही हकिकत इथेच संपली असती. पण चौतीस वर्षं ज्या माणसाला कोणी "वा" म्हटलं नव्हतं, त्याला सूनबाई "वा बाबा" म्हणाली. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता तळमजल्यावरच्या सभेच्या खोलीत चौदा मुलं सतरंजीवर बसली होती आणि समोर खुर्चीत इस्त्रीचा सदरा घालून काका बसले होते.

साळिंदराची गोष्ट त्यांना तोंडपाठ झाली होती. हातवारे वाढले होते. आईच्या किंचाळण्याला दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचा मुलगा दचकून मागे पडला. मुलं भारावून घरी गेली, आणि सोमवारपासून इमारतीत खरं बोललं जाऊ लागलं.

याची कल्पना कोणालाच नव्हती. दंतवैद्यांचा मुलगा दवाखान्यात बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि ताटकळणाऱ्या रुग्णांना म्हणाला, "बाबा सांगतात दुखणार नाही, पण दुखतं. मागच्या आठवड्यात एक काका रडले." दोन रुग्ण चपला घालून निघून गेले. वकिलांच्या धाकटीने पक्षकाराला पाणी नेऊन दिलं आणि आपुलकीने सांगितलं, की बाबांना तुमच्या केसमध्ये काही दम वाटत नाही. आणि सगळ्यात मोठा स्फोट सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरून झाला. इमारतीच्या फाटकाला कोणीतरी गाडी ठोकून ते वाकवलं होतं आणि "दोषी व्यक्तीने पुढे यावे" अशी तांबड्या शाईतली सूचना सेक्रेटरींनी स्वतःच्या सहीने फलकावर लावली होती. त्या सूचनेसमोर उभी राहून त्यांची लेक जोरात म्हणाली, "ही गाडी आमचीच."

बुधवारी सेक्रेटरी काकांच्या दारात उभे होते. हातात कागद होता.

"तुमच्या उपक्रमाला आमचा विरोध नाही," ते म्हणाले. ज्या वाक्याची सुरुवात अशी होते त्याचा शेवट कसा होतो हे काकांना कचेरीतल्या अनुभवाने ठाऊक होतं. "पण सभेची खोली वापरायची तर रीतसर अर्ज हवा. मी नमुना तयार केलाय."

काकांनी अर्ज हातात घेतला आणि त्यांना भरून आलं. नऊ रकाने! समासही व्यवस्थित सोडलेला. आठ महिन्यांत असा देखणा कागद त्यांनी पाहिला नव्हता. चष्मा लावून, टेबल पुसून ते लिहायला बसले. उपक्रमाचे नाव, वेळ, मुलांची संख्या, असं करत करत ते सातव्या रकान्याशी आले. तिथे लिहिलं होतं: गोष्टीचा अधिकृत स्रोत.

"इथे काय लिहू?"

"गोष्टी कुठून घेता ते."

"डोक्यातून."

"छे छे, डोकं हा स्रोत होत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "उद्या कोणीही उठेल आणि डोक्यातून काहीही काढेल. मग जबाबदारी कोणाची? काहीतरी आधार हवा. ग्रंथ, पोथी, काहीही. नाहीतर राहू द्या रकाना रिकामा, मी अर्ज नामंजूर करतो."

रिकामा रकाना! काकांच्या अंगावर शहारा आला. रविवारी येणारी चौदा मुलं डोळ्यांसमोर दिसली. सेक्रेटरींच्या ओठांवरचं बारीक हसू दिसलं. त्यांच्या हाताने, त्यांना न विचारता, वळणदार अक्षरात लिहिलं: "आजोबांची हस्तलिखित वही."

सेक्रेटरींचा चेहरा पडला. अर्ज मंजूर झाला.

दार लागल्यावर काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुमचे आजोबा अंगठा लावायचे."

"हळू बोल."

"हळू बोलते. तुमचे आजोबा अंगठा लावायचे."

"अगं, एक रकाना भरलाय. कोण बघतंय?"

काकूंनी पदराला हात पुसले. "मला कोणी विचारलं तर मी खरं काय ते सांगेन. मीही गेले होते रविवारी. मागे उभी राहून ऐकली मी साळिंदराची गोष्ट."

कोण बघतंय याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळालं. फाटकाला ठोकलेली आपली गाडी लोकांच्या डोक्यातून जावी म्हणून सेक्रेटरींनी तांबड्या शाईची सूचना काढली आणि तिथे निळ्या शाईत लिहिलं: "आपल्या इमारतीत दुर्मीळ हस्तलिखित! त्यातील कथा दर रविवारी." दुर्मीळ हा शब्द त्यांचा. पण शब्द कोणाचा हे कोण विचारतो? दहा वाजेपर्यंत चारही मजले दुर्मीळ झाले.

आता सल्ले सुरू झाले. दंतवैद्य दोन जोड हातमोजे घेऊन आले. "उघड्या हाताने वही हाताळू नका, बोटांना तेल असतं." वकील जिन्यात भेटले आणि खांद्यावर हात टाकून म्हणाले, "एक कायदेशीर गोष्ट सांगतो. ती वही तुमची एकट्याची नाही. आजोबांच्या सगळ्या नातवंडांचा तिच्यावर हक्क आहे. चुलत भावाची लेखी संमती घ्या. मीच फोन करून टाकलाय त्यांना."

"तुम्ही कशाला केलात?" काकांचा आवाज चिरकला.

"शेजारधर्म."

चुलत भावाचा, म्हणजे दादांचा, फोन त्याच दुपारी आला. दादा काकांपेक्षा सहा वर्षांनी मोठे आणि लहानपणापासून आपल्यावर अन्याय होतो या मताचे.

"आजोबांची वही आहे म्हणे तुझ्याकडे."

"दादा, ते असं आहे..."

"साठ वर्षं दडवून ठेवलीस! आणि मी मूर्खासारखा समजत होतो की आजोबांना लिहिता येत नव्हतं. माझ्यापासून एवढंही लपवलंत सगळ्यांनी? रविवारी येतोय मी."

काकांनी फोन ठेवला. आणि शुक्रवारी शिपायाच्या हाती पत्र आलं. मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागाकडून. शिकवण्या घेणाऱ्या बाईंची कोणी मैत्रीण तिथे होती, आणि बाईंनी चांगल्या मनाने तिला कळवलं होतं. पत्रात म्हटलं होतं, की आमच्या अधिकारी बाई रविवारी वहीची पाहणी करायला येतील. पत्रावर जावक क्रमांक होता, शिक्का होता, आणि तो शिक्का बरोबर सहीच्या डाव्या बाजूला होता. अशा पत्राला नाही म्हणणं काकांच्या रक्तातच नव्हतं.

शनिवारी सकाळी, काकू बाजारात गेल्याचं बघून, काकांनी एक जाड वही, दौत आणि टाक आणला. जुना कागद कसा दिसतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? पिवळा, कडा तपकिरी, मधे पुसट डाग. त्यांनी चहाचं पातेलं घेतलं आणि वही त्यात बुडवली. बाल्कनीत दोरीवर वही उघडून पानं चिमट्यांनी टांगली. वाळतील तोवर जरा आडवं व्हावं म्हणून पडले.

तासाभराने उठले तर पानांवर अक्षरं उमटली होती. काळी, बारीक, ओळीने. काका दचकले. अजून तर टाक बुडवलाच नव्हता! जवळ जाऊन बघतात तर ओळ हलत होती. मुंग्या. घाईघाईत त्यांनी सकाळी उरलेला, दूध-साखर घातलेला चहा वापरला होता. मुंग्या खिडकीच्या चौकटीवरून दोरीवर, दोरीवरून चिमट्यावर आणि चिमट्यावरून थेट आजोबांच्या वहीत शिरल्या होत्या. समोरच्या बाल्कनीतून शिकवणीच्या बाई कौतुकाने बघत होत्या. "वाळवताय? छान, छान. ओल फार वाईट जुन्या कागदाला!"

काकांनी फुंकर मारून, झटकून, शेवटी काकूंच्या पावडरचा अर्धा डबा शिंपडून मुंग्या घालवल्या. मग खाली बसून त्यांनी पहिल्या पानावर टाकाने "कथा पहिली" असं लिहिलं आणि जरा लांब धरून पाहिलं. चौतीस वर्षांची सवय. टेबलावरची पेन्सिल केव्हा उचलली त्यांनाच कळलं नाही. पानाच्या कोपऱ्यात, नेहमीच्या जागी, त्यांनी नेहमीचा शेरा मारला: "संशयास्पद. मूळ प्रत सादर करावी."

ते स्वतःच्या अक्षराकडे बघत राहिले.

"आजोबा, वहीला पावडर का लावलीय?"

नात शाळेतून केव्हा आली तेही कळलं नव्हतं.

"ते... कचेरीचं काम आहे."

नातीने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग बोट पुढे करून हळूच त्यांच्या हनुवटीला लावलं आणि मागे घेतलं.

"काय बघतेस?"

"टोचतंय."

"दोन दिवस दाढी केली नाही, बाळा."

"हो," ती म्हणाली. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मग ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "वर्गात सगळे म्हणत होते, तुझ्या आजोबांकडे वही नाहीच. मी सांगितलं, मी पाहिलीय."

काकांच्या हातातली पेन्सिल थांबली. "तू पाहिलीस?"

"नाही. पण मी सांगितलं, लाल कापडात असते आणि तिच्यावर सोनेरी अक्षरं आहेत. मग त्यांनी विचारलं, हात लावलास का. मी म्हटलं, रोज लावते."

"अगं, का सांगितलंस असं?"

"तुम्हाला कोणी खोटं म्हणू नये म्हणून."

हे ती अगदी सहज म्हणाली आणि दात दुखतोय का असं विचारल्यासारखं त्यांच्याकडे बघू लागली, कारण काकांनी तोंडावर हात धरला होता. एका रकान्याने काय केलं होतं ते आता त्यांना दिसलं. सेक्रेटरींचं हसू, ग्रंथालयाचा शिक्का, दादांचा राग, हे सगळं परवडलं असतं. पण ही पोरगी त्यांच्यासाठी खोटं बोलली होती, आणि छान बोलली होती. लाल कापड, सोनेरी अक्षरं! हुशारी त्यांच्याकडूनच आली होती.

काकू बाजारातून आल्या तेव्हा वही कचऱ्याच्या डब्यात होती आणि काका दाढी करत होते. काकूंनी डब्यात पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली.

रविवारी सभेची खोली ओसंडून वाहत होती. मुलं पुढे, आईबाप मागे, वकील दाराशी, दंतवैद्य हातमोज्यांची तिसरी जोडी घेऊन. दादा पहिल्या रांगेत खुर्चीवर, दोन्ही हात काठीवर, डोळ्यांत साठ वर्षांचा अन्याय. ग्रंथालयाच्या बाई वेळेवर आल्या. उंच, किडकिडीत, खांद्याला मोठी पिशवी. त्यांनी टेबलावर पांढरं कापड पसरलं, भिंग ठेवलं, आणि अदबीने म्हणाल्या, "काढा वही."

काका उभे राहिले. त्यांनी सदरा नीट केला.

"वही नाही," ते म्हणाले.

"हरवली?" सेक्रेटरी.

"कधी नव्हतीच. माझे आजोबा अंगठा लावायचे. साळिंदराची गोष्ट मी रचली. अर्जात सातव्या रकान्यात मी खोटं लिहिलं, आणि मग ते खरं दिसावं म्हणून काल एक वही चहात बुडवली. तीही धड जमली नाही, मुंग्या लागल्या." त्यांनी मुलांकडे पाहिलं. मोठ्या माणसांकडे बघण्यापेक्षा ते अवघड होतं. "तुम्हाला मी सांगितलं खोटं बोलू नये, आणि मीच बोललो. चूक माझी. आणि माझ्या नातीने शाळेत जे काही सांगितलं असेल, तेही माझ्यामुळे. तिला कोणी काही म्हणायचं नाही. म्हणायचं ते मला."

नात दुसऱ्या रांगेत बसली होती. तिचे कान लाल झाले होते.

मग एक मोठा सुस्कारा ऐकू आला. तो दादांचा होता.

"म्हणजे लिहिता येत नव्हतं आजोबांना!" दादांनी काठी बाजूला ठेवली. त्यांचा चेहरा कित्येक वर्षांत इतका मोकळा दिसला नव्हता. "तीन रात्री झोप नाही मला. म्हटलं, सगळ्यांना माहीत होतं आणि मलाच कोणी सांगितलं नाही. अरे, आधी सांगायचं ना! मी सोबत फळं तरी आणली असती, आता हात हलवत आलोय."

"पण अर्ज!" सेक्रेटरी पुढे आले. आवाजाला धार होती. "लेखी दिशाभूल झालीय. बाहेरच्या अधिकाऱ्यांना इथवर यावं लागलं, त्याचं काय?"

सगळे ग्रंथालयाच्या बाईंकडे वळले. बाई कापडाची घडी घालत होत्या. काकांना वाटलं, आता पत्र येणार. दुसरा जावक क्रमांक, ठळक अक्षरात.

"खरं सांगू का?" बाई म्हणाल्या. "बरं झालं. वही खरी निघाली असती तर ती ठेवायची कुठे? आमच्याकडे सहा कपाटं आहेत, सहाही गच्च भरलेली. सातव्यासाठी मी नऊ वर्षं पत्र लिहितेय. जुनं काही सापडलं की लोक टाळ्या वाजवतात आणि मला रात्री घाम फुटतो." त्यांनी भिंग पिशवीत टाकलं आणि मग, इतक्या वेळात पहिल्यांदाच, हसल्या. "माझी बस तासाभराने आहे. ते साळिंदराचं काय ते सांगता का? आलेय तर ऐकते."

सेक्रेटरींनी तोंड उघडलं, पण त्यांची लेक आधीच सतरंजीवर सरकून बाईंना जागा करून देत होती. बाई खरंच खाली मांडी घालून बसल्या. अधिकारीच सतरंजीवर बसल्यावर सेक्रेटरींना उभं राहून रागावणं अवघड झालं. तेही एका खुर्चीच्या कडेला टेकले.

काका खुर्चीत बसणार, तेवढ्यात नात उठली आणि सरळ त्यांच्यापाशी आली. सगळ्यांसमोर. त्यांना वाटलं, आता ही रडणार, किंवा त्याहून वाईट, काहीतरी खरं बोलणार.

"आजोबा, सांगताना भीती वाटली?"

"वाटली."

"खूप?"

"खूप."

"मला पण उद्या वर्गात सांगावं लागेल ना? लाल कापडाचं?"

काकांनी तिचा हात हातात घेतला. तो गार पडला होता. "लागेल. मी येतो बरोबर. दारापर्यंत."

"आत नाही?"

"तू म्हणशील तर आतही."

तिने जरा विचार केला. "दारापर्यंत चालेल," असं म्हणून तिने त्यांच्या मांडीवर बूड टेकलं. मागून काकूंचा आवाज आला, "आता सुरू करा, सगळे खोळंबलेत," आणि त्या आवाजात आठवड्यात पहिल्यांदाच राग नव्हता. काकांनी घसा साफ केला. छातीवर कोणीतरी ठेवलेलं दप्तरांचं गाठोडं उचलून नेल्यासारखं त्यांना हलकं वाटत होतं, आणि भूकही लागली होती. "एक होतं साळिंदर," ते म्हणाले, "आणि ही गोष्ट मी स्वतः रचलेली आहे."